औंढा नागनाथ बघायचं कसं? जुन्या देवळात पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

आपण देवळात जातो ते दर्शनाला. रांगेत उभं राहायचं, गाभाऱ्यात डोकं टेकायचं, भस्म लावायचं, प्रसाद घ्यायचा आणि चपला शोधत बाहेर पडायचं. दर्शन झालेलं असतं, पण देऊळ बघायचं राहूनच जातं. मराठवाड्यात तर हे फारच होतं, कारण आपल्याकडे जुनी देवळं इतकी आहेत की त्यांचं अप्रूप वाटत नाही. माझं म्हणणं साधं आहे. दर्शन घेणं आणि देऊळ बघणं ही दोन वेगळी कामं आहेत, दोन्हींना वेगवेगळा वेळ द्यावा. भाविक असाल तर आधी दर्शन उरका म्हणजे मन मोकळं होतं. भाविक नसाल तरी हे देवाचं राहतं घर आहे हे ध्यानात ठेवून वागा, म्हणजे कुणी हटकणार नाही.

सुरुवातीला हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ घ्या. महाराष्ट्राच्या परंपरेत हे बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानलं जातं. ‘नागेशं दारुकावने’ हा ज्योतिर्लिंगांच्या श्लोकातला चरण आपल्याच देवाचा, असं द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर ही क्षेत्रंही सांगतात. तो वाद क्षेत्रांवर सोडून द्या. नवख्या माणसाला औंढा सोयीचं आहे ते दुसऱ्याच कारणानं. यादवकाळातल्या दगडी भिंती, त्यांच्यावर नंतरच्या काळातलं पांढरं शिखर, जमिनीच्या पोटातला गाभारा आणि नामदेवांची कथा हे सगळं इथे एकाच आवारात सापडतं.

कधी जायचं

श्रावणी सोमवार, महाशिवरात्र आणि सलग सुट्ट्या टाळा. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते. यात्रा बघायची असेल तर खुशाल जा, पण त्या दिवशी शिल्पं बघायला मिळणार नाहीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सगळ्यांत चांगले महिने. एप्रिल-मेमध्ये आवारातली फरशी इतकी तापते की अनवाणी माणूस शिल्पांकडे न बघता सावलीकडेच पळतो. त्या दिवसांत जावंच लागलं तर जाड सुती मोजे घाला आणि नऊच्या आत बाहेरची फेरी संपवा.

उजेडाचं गणित थोडं समजून घ्या, कारण शिल्पकाम दिसतं ते सावलीमुळे. ऊन समोरून पडलं की दगड सपाट दिसतो. तेच ऊन तिरपं आलं की दागिन्यातला मणी न मणी उठून येतो. औंढ्याचं देऊळ पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे मागची पूर्वेकडची भिंत सकाळी उजळते आणि दाराकडची बाजू दुपार कलल्यावर. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो म्हणून दक्षिणेची भिंत दिवसभर उन्हात असते, उत्तरेची मात्र सावलीतच राहते. म्हणून जमलं तर दोन बैठका करा. एक सकाळची, एक चारनंतरची. मधल्या वेळात जेवण आणि गाव.

परभणी, हिंगोली आणि नांदेडकडून एसटीनं येता येतं. रेल्वेनं येणार असाल तर याच तीन ठिकाणांपैकी एखाद्या स्टेशनवर उतरा. जाता जाता एक गंमत सांगतो. याच औंढा तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारनं 2023 मध्ये तिच्यासाठी 2,600 कोटी रुपये मंजूर केले.

जाण्याआधी

घरी तासभर वाचन पुरे. जिल्ह्याचं गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, बघा. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झाला, त्यामुळे जुना मजकूर परभणीच्या गॅझेटिअरमध्ये शोधावा लागतो. राजवटींचा क्रम डोक्यात असू द्या. मराठवाड्यात आधी राष्ट्रकूट, मग 973 पासून कल्याणीचे चालुक्य, मग देवगिरीचे यादव. अल्लाउद्दीन खलजीची देवगिरीवरची स्वारी 1296 ची, आणि त्यानंतर वीस-बावीस वर्षांत यादवांचं राज्य संपलं. एवढं माहीत असलं की ‘पांडवांनी एका रात्रीत बांधलं’ हे ऐकताना हसूही येत नाही आणि गोंधळही होत नाही. ती गावाची कथा असते, ती कथा म्हणून वहीत लिहून घ्यायची. तारखेच्या रकान्यात तिला बसवायचं नाही.

पिशवीत वही, पेन्सिल, पाण्याची बाटली, एक बॅटरी आणि असली तर छोटी दुर्बीण ठेवा. मोबाइलची बॅटरी चालते, पण वेगळी हातबॅटरी कडेनं धरता येते आणि झिजलेलं काम दिसायला कडेचाच उजेड लागतो. चामड्याचा पट्टा आणि पाकीट शक्यतो नकोच, काही देवळांत ते काढून ठेवायला सांगतात. कपडे साधे असावेत. वेरुळच्या घृष्णेश्वराला गाभाऱ्यात जाताना पुरुषांना सदरा-बनियन काढावं लागतं, तिथे जाणार असाल तर मनाची तयारी आधीच करा.

आधी दर्शन

अभिषेक करायचा असेल तर संस्थानाच्या खिडकीवर रीतसर पावती घ्या. किती रुपये, काय काय होणार, किती वेळ लागणार, हे तिथेच विचारा. आत गेल्यावर घासाघीस करणं दोन्ही बाजूंना अवघड जातं.

औंढ्याचा गाभारा तळघरात आहे. सभामंडपातून एका अरुंद वाटेनं खाली उतरावं लागतं. खाली छत बुटकं, जागा थोडी, हवा दमट. एका वेळी मोजकीच माणसं मावतात. गुडघेदुखी, दमा किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी वरूनच हात जोडावेत, देव रागावत नाही. उतरणार असाल तर पाठीवरची पिशवी सोबतच्या माणसाकडे द्या, डोकं सांभाळा आणि वर येणाऱ्याला आधी येऊ द्या. खाली फोटो काढू नका. पुजाऱ्यांना विचारलं तरी ते नाहीच म्हणतील आणि ते बरोबरच आहे.

लिंग असं खाली असणं हे काही फक्त औंढ्याचं वैशिष्ट्य नाही. अनेक जुन्या शिवालयांत मंडपातून गाभाऱ्यात उतरायला पायऱ्या असतात. पण इथली खोली आणि अरुंदपणा वेगळाच आहे. वर आलात की मंडपातल्या उजेडाला डोळे सरावू द्या. मग बाहेर पडा. खरं बघणं बाहेरून सुरू होतं.

बाहेरची फेरी

महादेवाच्या देवळात प्रदक्षिणेचा नियम वेगळा असतो. अभिषेकाचं पाणी जिथून बाहेर पडतं ती जागा, म्हणजे प्रणाल, ओलांडायची नाही. एका बाजूनं तिथपर्यंत जायचं, मागे फिरायचं आणि दुसऱ्या बाजूनं परत तिथपर्यंत यायचं. गर्दीत सगळेच हे पाळतात असं नाही. पण देऊळ बघणाऱ्याला हा नियम फार उपयोगी पडतो, कारण प्रत्येक भिंत जाताना एकदा आणि येताना एकदा, उलट दिशेनं दिसते. पहिल्यांदा नजरेतून सुटलेलं परतताना हमखास सापडतं.

पहिली फेरी लांबून मारा. भिंतीपासून वीसेक पावलं मागे राहा आणि एकच गोष्ट बघा, देवळाचा आकार. भिंत सरळ जात नाही, कोन काढत काढत वळते. मध्ये पुढे आलेला रुंद भाग, त्याच्या दोन्ही अंगांना मागे सरकत गेलेले कोपरे. वरून पाहिलं तर चांदणीसारखी दिसेल अशी ही आखणी. तिच्यामुळे दगडाच्या एवढ्या मोठ्या राशीवर उभ्या सावल्यांच्या रेघा पडतात आणि देऊळ आहे त्यापेक्षा उंच वाटतं. कल्पक माणसाचं काम आहे हे.

याच फेरीत खालचा काळा भाग आणि वरचं पांढरं शिखर यांतला सांधा शोधा. खाली घडीव काळा पाषाण, वर चुन्याचं लिंपण. दोन वेगळे काळ एकमेकांवर बसलेत. मूळ शिखर गेलं आणि नंतरच्या काळात देऊळ पुन्हा सावरलं. या जीर्णोद्धाराचं श्रेय लोक अहिल्यादेवी होळकरांना देतात. त्यांनी वेरुळच्या घृष्णेश्वराचा आणि परळी वैजनाथाचाही जीर्णोद्धार केला. मराठवाड्यातल्या कितीतरी देवळांची हीच गत आहे. भिंती सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या, आणि डोक्यावर नंतरचं काहीतरी. कधी चुन्याचा घुमट, कधी विटांचं शिखर, अलीकडे सिमेंटही.

काळ ओळखायची एक ढोबळ खूण सांगतो. यादव आणि चालुक्यांच्या काळातले कारागीर खांबावर आडवी तुळई ठेवून बांधत. गोलाईची कमान, महिरप किंवा चुन्यातली फुलं दिसली की तो भाग सहसा नंतरचा समजायचा. नगारखाना, आवाराची तटबंदी, ओवऱ्या यांत ही खूण पटापट लागू पडते. आणखी एक. ‘हेमाडपंती’ म्हटलं की झालं, असं समजू नका. हेमाद्री हा यादव राजा महादेव (1261–1271) आणि त्याच्यानंतरचा रामचंद्र यांचा मंत्री. चुना न वापरता खाच-खुंटी जुळवून दगड बसवायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली होती.

खालून वर

दुसरी फेरी जवळून. मान वर करून चालायची सवय मोडा, नजर जमिनीपासून सुरू करा. आधी ओटा, म्हणजे जगती. त्यावर देवळाचं पीठ, एकावर एक आडवे थर. काही थर साधे, काहींवर नक्षी, आणि मग हत्तींची रांग. तिला गजथर म्हणतात. सगळी इमारत हत्तींनी पाठीवर तोलली आहे अशी ती कल्पना. औंढ्याला या रांगेपाशी जरा बसाच. लांबून सगळे हत्ती एका साच्यातले वाटतात. जवळून बघितलं तर एकाची सोंड वळलेली, एक शेजाऱ्याशी झुंजतोय, एकानं काहीतरी उपटून धरलंय. लहान मुलं बरोबर असतील तर वेगळा हत्ती शोधायचा खेळ लावा. मोठ्या माणसांच्या आधी त्यांनाच सापडतो.

अशा थरांत बटबटीत डोळ्यांचं, जबडा वासलेलं एक तोंड पुन्हा पुन्हा दिसेल. ते कीर्तिमुख. भूक लागली म्हणून शंकराच्या आज्ञेनं त्यानं स्वतःचंच शरीर खाल्लं आणि तोंड तेवढं उरलं, अशी कथा आहे. उंबऱ्यावरही ते असतं, म्हणून उंबऱ्यावर पाय देत नाहीत.

त्याच्या वर मुख्य भिंत, जिथे मूर्ती असतात. इथेच नवखा माणूस गोंधळतो, कारण मूर्ती फार असतात आणि सगळ्या सारख्या वाटतात. घाई करू नका. आधी भिंतीचा सर्वांत पुढे आलेला मधला भाग शोधा. तिथल्या कोनाड्याला देवकोष्ठ म्हणतात आणि त्यात महत्त्वाची मूर्ती असते. गाभाऱ्याच्या तीन बाजूंना असे तीन कोनाडे. शिवाच्या देवळात तिथे बहुधा शिवाचीच रूपं असतात. नाचणारा नटराज, हत्तीचं कातडं डोक्यावर ताणून धरलेला किंवा त्रिशुळावर दैत्य तोललेला शिव, कधी चामुंडा देवी. चामुंडा ओळखायला सोपी आहे. हाडांचा सापळा झालेलं शरीर, खपाटीला गेलेलं पोट, पुष्कळदा त्यावर विंचू, पायाखाली प्रेत.

कोनाडा रिकामा असला किंवा मूर्ती बेढब बसवलेली दिसली तर तेही लिहून ठेवा. आजूबाजूच्या दगडाशी ज्यांचं माप, रंग किंवा झीज जुळत नाही ती शिल्पं दुसरीकडून आणून बसवलेली असू शकतात. डागडुजीच्या वेळी खाली पडलेले दगड सापडेल तिथे लावले जात. फुलांची नक्षी मध्येच उलटी दिसली, हत्तीची सोंड एका दगडावर संपली आणि पुढच्या दगडावर दुसरंच काही सुरू झालं, की समजावं इथे भिंत एकदा उकलली होती.

इतर मूर्ती ओळखायला हात बघा, चेहरा नाही. चेहरे झिजतात किंवा फुटलेले असतात, हातातल्या वस्तू त्या मानानं टिकतात. त्रिशूळ, डमरू, नाग म्हणजे शिव. शंख, चक्र, गदा, पद्म म्हणजे विष्णू. विष्णूच्या बाबतीत वस्तूंचा क्रमही महत्त्वाचा असतो. चार हातांत चार वस्तू धरायच्या चोवीस तऱ्हा होतात आणि प्रत्येक तऱ्हेला वेगळं नाव आहे, तीच आपल्या संध्येतली चोवीस नावं. मूर्तीच्या खालच्या उजव्या हातापासून सुरुवात करून वर जायचं, मग डावा वरचा, मग डावा खालचा. पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम लागला की तो केशव. उजवा म्हणजे मूर्तीचा उजवा, आपला नव्हे. अर्ध्या चुका इथेच होतात. अर्धनारीश्वर आणि दशावतारही औंढ्याच्या भिंतींवर आहेत. वराह, नृसिंह, वामन यांच्यापासून सुरुवात केली तर दशावतार चटकन लागतात.

देवांच्या मधल्या जागेत सुंदर स्त्रिया दिसतात, त्या सुरसुंदरी. कुणी आरशात बघून कुंकू लावते, कुणी पत्र लिहिते, कुणी पायातला काटा काढते, कुणाचं वस्त्र माकड ओढतंय. काही जण त्यांच्यापुढून लाजून पटकन सरकतात, काही जण मोबाइल काढून तेवढेच फोटो घेतात. दोन्ही नको. आठशे वर्षांपूर्वी केसांचे अंबाडे कसे घालत, दागिने कोणते होते, वाद्यं कशी होती याचा एवढा थेट पुरावा दुसरीकडे मिळत नाही. मृदंग, टाळ, बासरी हातात असलेल्या आकृती बघत चला आणि कुणी वाद्य कसं धरलंय ते टिपून ठेवा.

नंदी मागे का?

फिरत फिरत देवळाच्या मागच्या बाजूला आलात की कथा सुरू होते. शिवालयात नंदी दारासमोर असतो. औंढ्याला तो समोर नाही, मागे आहे. गावातल्या कुणालाही विचारा, कारण लगेच सांगतील. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तन करत होते. पुजाऱ्यांनी त्यांना उठवलं आणि मागे जायला सांगितलं. नामदेवांनी मागे जाऊन कीर्तन धरलं, तर देवानं देऊळच त्यांच्याकडे फिरवलं. दार पश्चिमेला आलं आणि नंदी होता तिथेच राहिला.

या कथेच्या आधीचा धागाही मराठवाड्यातलाच. तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींची डोकी थापटण्यानं तपासली आणि नामदेवांचं मडकं कच्चं निघालं. मग गुरू करायला नामदेव औंढ्याला आले. इथे विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव रागावले तेव्हा विसोबा म्हणाले, जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय ठेव. पाय ठेवावे तिथे पिंड. नामदेवांचं जन्मगाव म्हणून सांगितलं जाणारं नरसीही हिंगोलीजवळच आहे. त्यांची पदं गुरू ग्रंथसाहिबात असल्यामुळे पंजाबातून शीख भाविक तिथे येतात. औंढ्याबरोबर नरसी जोडून घ्या, एका दिवसात दोन्ही होतात.

देऊळ फिरलं का, या प्रश्नावर आवारात वाद घालू नका. पश्चिमाभिमुख देवळं इतरत्रही बांधली गेली आहेत, एवढं मनात असू द्या. पण या कथेनं जे सांगायचं होतं ते दगडात कुठेच कोरलेलं नाही. ज्याला जातीवरून मागे पाठवलं त्याच्याकडे देव वळला, ही गोष्ट इथल्या माणसांनी शतकानुशतकं नंदीकडे बोट दाखवून सांगितली. देवळाचा वारसा लिहायचा तर शिल्पांइतकंच हे बोटही त्यात यायला हवं. नंदी आणि देवळाची मागची भिंत यांच्यामध्ये उभं राहून कुणा म्हाताऱ्या माणसाच्या तोंडून ही कथा ऐका. प्रत्येकाच्या सांगण्यात काहीतरी वेगळं असतं.

परत आत

आता मंडपात या, या वेळी दर्शनासाठी नाही. भिंतीकडेला उभं राहा म्हणजे रांगेची अडचण होणार नाही. खांब बघा. खाली चौकोनी, वर आठ बाजूंचे, मग गोल, आणि चरकावर फिरवून काढल्यासारख्या चकत्या. खांबाच्या अगदी वर, तुळईखाली हात टेकून बसलेले ठेंगणे लठ्ठ लोक दिसतील, ते कीचक. छताचा भार आपणच तोललाय अशा आवेशात असतात. काहींच्या चेहऱ्यावर त्रास दिसतो, काहींच्या हसू.

छताकडे बघायला मंडपाच्या मधोमध उभं राहावं लागतं, तेव्हा गर्दी कमी झाल्यावरच हे करा. गोल होत होत लहान होत गेलेली वर्तुळं आणि मध्ये लोंबतं फूल, हा या काळातला आवडता प्रकार.

दाराची चौकट मात्र कुठल्याही देवळात चुकवू नका. बाजूच्या उभ्या पट्ट्यांना शाखा म्हणतात. कुठे तीन, कुठे पाच, कुठे सात. जितक्या जास्त तितका खर्च मोठा. वर मधोमध छोटी मूर्ती असते, ते ललाटबिंब. तिथे गणपती दिसला म्हणून देऊळ गणपतीचं ठरत नाही, तो बहुतेक ठिकाणी असतोच.

आवारातले दगड

मुख्य देवळाबाहेर, पाराखाली, बारवेपाशी, गावाच्या वेशीत उभे दगड असतात. लोक त्यांना शेंदूर लावून मारुती करतात, कधी त्यावर कपडे धुतात. त्यातला वीरगळ ओळखायला सोपा आहे, तोही खालून वर बघायचा. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गाला नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर, आणि माथ्यावर सूर्य-चंद्र. खाली गाई कोरलेल्या असतील तर गुरं सोडवताना तो पडला. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात कोरलेला दगड म्हणजे सतीशिळा. गाढव आणि बाई कोरलेला दगड म्हणजे गधेगाळ, दिलेलं दान मोडणाऱ्याला घातलेली शिवी. लेकरांनी त्याचा अर्थ विचारला तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

शिलालेख दिसला तर त्यावर खडू, पीठ, भस्म, तेल काहीही चोळू नका. अक्षरं स्पष्ट दिसावीत म्हणून लोक हे करतात आणि अक्षरं झिजतात. बॅटरी अगदी कडेनं धरा, चारी बाजूंनी एकेक फोटो घ्या. ‘शके’ आणि पुढचा आकडा लागला तर त्यात 78 मिळवा की इसवी सन मिळतो. शके 1150 म्हणजे 1228. चार-दोन महिन्यांच्या फरकानं एखादं वर्ष इकडे तिकडे होतं. मूर्तींना हळद-कुंकू लावणं, फटीत अगरबत्ती खोचणं, शिल्पावर नारळ फोडणं हेही टाळा. आणि कुणी शिल्पांना ऑइलपेंट द्यायची टूम काढली तर गोड बोलून थांबवा. रंग काढताना दगडाचा वरचा पापुद्राही निघून येतो.

माणसं

फलक थोडे असतात, माणसं पुष्कळ. पुजारी, जुन्या देवळांतले गुरव, फुलं विकणाऱ्या मावशी, पारावरचे आजोबा. कॅमेरा गळ्यात अडकवून एकदम प्रश्न विचारायला सुरुवात करू नका. नमस्कार करा, शेजारी बसा. “कोण्या गावचे तुम्ही? सकाळपासून भित्ताडाकडंच बघायलाव,” असं कुणीतरी विचारतंच. मग सांगा, “देऊळ बघायला आलोय काका, थोडं समजून घ्यायचंय.” पुढचं काम तेच करतात. कुठली मूर्ती आधी कुठे होती, बारवेला पाणी कोणत्या महिन्यात चढतं, यात्रेत मान कोणाचा, हे छापील कुठे मिळत नाही. पूजेच्या वेळी मात्र पुजाऱ्यांना अडवू नका, दुपारचा नैवेद्य झाल्यावर ते निवांत असतात. माहिती दिल्याबद्दल पैसे पुढे करण्याआधी माणूस बघा. काहींना राग येतो. देवापुढे ठेवले तर कुणालाच येत नाही.

त्याच रात्री वही पूर्ण करा. प्रत्येक भिंतीला दिशा लिहा, नाहीतर चार दिवसांनी फोटो बघताना कुठला नटराज कुठल्या बाजूचा हे कळत नाही.

पुढचं देऊळ

औंढ्यानंतर लगेच वेरुळच्या कैलासाकडे धावू नका. राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात, आठव्या शतकात, डोंगर वरून खाली खोदत नेऊन ते काम झालं. पण पहिल्याच खेपेला ते अंगावर येतं आणि तपशील दिसत नाहीत. दोन-तीन लहान देवळं बघून मग जा, आणि मंगळवारी लेणी बंद असतात हे विसरू नका.

मी सुचवेन ते जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यातलं अन्वा. आत आज महादेवाची पिंड आहे, पण बाहेरच्या भिंतींवर शंख-चक्र-गदा-पद्म घेतलेल्या स्त्रीमूर्ती, विष्णूच्या शक्ती. औंढ्याला हात बघून देव ओळखायला शिकला असाल तर इथे देऊळ मुळात विष्णूचं असावं हे कुणी न सांगता लक्षात येईल. दक्षिणेकडे राहत असाल तर निलंग्याचं नीलकंठेश्वर किंवा देगलूर तालुक्यातलं होट्टल जवळ पडेल. अंबाजोगाईला यादवांचा सेनापती खोलेश्वर याच्या नावाचं देऊळ आणि बाराखांबी नावाचं जुनं देऊळ, दोन्ही एकाच गावात आहेत.

परभणीकडच्यांनी जिंतूर तालुक्यातलं चारठाणा घ्यावं, तिथे गावभर जुने अवशेष विखुरलेत आणि एक उंच देखणा दगडी स्तंभ आहे. सुरसुंदरींसाठी गोदाकाठचं धारासूर, गंगाखेड तालुक्यात. तिथे देवळाचं जतनाचं काम चालू आहे का याची जाण्याआधी चौकशी करा. गंगाखेडहून निघतानाच डबा-पाणी घ्या आणि परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ स्टँडवर विचारून ठेवा.